केनिलवर्थचं पाणी

गुडघाभर चिखलात तुम्ही उभे आहात. खांद्यावरची मातीची पाटी ओतायची, रिकामी पाटी घेऊन उतारावरून खाली जायचं, भरून पुन्हा वर यायचं. तुम्ही ओतलेली माती मागचा माणूस धुमसानं चोपतो. साल १२१० च्या पुढचं कुठलं तरी आहे आणि इंग्लंडच्या गादीवर जॉन राजा आहे. त्याचा आणि त्याच्या सरदारांचा एकमेकांवर काडीचा विश्वास उरलेला नाही. म्हणून देशाच्या ऐन मध्यावर, वॉरिकशायर परगण्यात, हा मातीचा बांध उभा राहतो आहे.

मान वर करून बघा. लालसर वालुकाश्माच्या उंचवट्यावर चौकोनी बालेकिल्ला उभा आहे, जणू एकच अजस्र ठोकळा. पहिल्या हेन्री राजाचा कारभारी ज्योफ्री डी क्लिंटन यानं ११२० च्या दशकात, म्हणजे तुमच्या आजोबांच्या काळात, तो बांधायला घेतला. शेजारच्या वॉरिकच्या अर्लला वचक बसावा, हा त्यामागचा राजाचा हेतू. पुढे ११७३ मध्ये दुसऱ्या हेन्रीविरुद्ध त्याच्याच मुलानं बंड केलं. राजानं इथं आपली शिबंदी आणून ठेवली आणि बंड मोडल्यावरही किल्ला परत दिला नाही. क्लिंटनच्या वंशजांना दुसरीकडे जमीन देऊन वाटेला लावलं. तेव्हापासून हा राजाचा किल्ला आहे. जॉननं त्याच्यावर पाच वर्षांत अकराशे पौंडांहून जास्त खर्च केला. बाहेरचा दगडी तट त्याचाच, आणि तुमच्या पायाखालचा बांध भक्कम आणि उंच करवला तोही त्यानंच.

किल्ल्याच्या पायथ्याशी फिनहॅम आणि इंचफर्ड असे दोन ओढे येतात. दोन्ही इतके लहान की उन्हाळ्यात पोरंही ओलांडून जातात. ते बांधानं अडवले की पाणी दक्षिण आणि पश्चिम अंगाला पसरत जातं आणि किल्ल्याला बिलगून सुमारे शंभर एकरांचा तलाव तयार होतो. वेढा घालणाऱ्याचं नेहमीचं शस्त्र म्हणजे तटाखाली भुयार खणून बुरूज खाली आणणं. इथं भुयार खणलं तर त्यात पाणी भरेल. दगडफेकी यंत्रं तटाजवळ आणावीत तर मध्ये तलाव. राहिली फक्त उत्तरेची बाजू, आणि तिथं खोल खंदक. केनिलवर्थचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण त्याच्या दगडांबद्दल लिहितात. मला तो किल्ला या पाण्याचा वाटतो. त्याचं बळ, त्याचा थाट आणि त्याचा शेवट, तिन्ही याच पाण्यात आहेत.

आता पाटी खाली ठेवा.

१ ऑगस्ट १२६५ ची पहाट आहे आणि तुम्ही गाढ झोपेत आहात. काल लांबची दौड करून तुमची फौज केनिलवर्थला पोचली. तुमचा सेनापती तरुण सायमन डी माँटफर्ड. त्याचा बाप, थोरला सायमन, तिसऱ्या हेन्री राजाचा मेव्हणा. राजानंच त्याला हा किल्ला राहायला दिला होता. पुढे दोघांचं बिनसलं. १२६४ मध्ये ल्यूसच्या लढाईत थोरल्या सायमननं राजालाच कैद केलं, आणि १२६५ च्या जानेवारीत जी पार्लमेंट भरवली, तिच्यात सरदारांबरोबर गावोगावचे नागरिकही बसवले. त्या बापाच्या मदतीला तुम्ही निघाला आहात. रात्री तटाच्या आत जाऊन दाटीवाटीनं झोपण्यापेक्षा गावात आणि मठात ऐसपैस पथाऱ्या पसरणं सगळ्यांना बरं वाटलं.

घोड्यांच्या टापा ऐकू येतात तेव्हा उशीर झालेला असतो. राजपुत्र एडवर्ड वूस्टरहून रात्रभर घोडदौड करून आला आहे. लोक अंथरुणात सापडतात, काही अंगावर धड कपडे नसताना पळत सुटतात. तरुण सायमन तशाच अवस्थेत होडीत उडी घेतो आणि तलाव ओलांडून किल्ल्यात शिरतो. पाण्याच्या आत असलेले वाचले, बाहेर झोपलेले गेले. तुमची निशाणं एडवर्डच्या हाती लागतात. तीन दिवसांनी ईव्हशॅमला तीच निशाणं फडकवत तो पुढे येतो, आणि आपला मुलगाच कुमक घेऊन आला असं थोरल्या सायमनला क्षणभर वाटतं. त्या लढाईत तो मारला जातो. शत्रू त्याच्या प्रेताचे तुकडे करतात.

बाप मेला, बंड संपलं, असं लंडनमध्ये मानलं जातं. केनिलवर्थमध्ये ते कोणी मानत नाही.

१२६६ चा जून सरत आला आहे आणि आता तुम्ही तटाच्या आत आहात. तुमच्यासारखे बाराशेच्या आसपास लोक इथं कोंडून बसले आहेत. हेन्री डी हेस्टिंग्ज तुमचा म्होरक्या. किल्ला द्यायचा नाही यामागचं कारण साधं आहे: बंडात सामील झालेल्यांच्या जमिनी राजानं जप्त केल्या आणि आपल्या माणसांना वाटल्या. किल्ला सोडून जायचं कुठं? ज्याला गमावण्यासारखं काही उरलं नाही, तो कशाला घाबरत नाही. वेढ्याच्या आधी राजाचा एक जासूद निरोप घेऊन आला होता. त्याचा हात तोडून त्याला परत पाठवलं. त्या दिवसानंतर माफीची आशा तुमच्यातल्या कोणालाच नव्हती.

तटावरून समोरचा पसारा दिसतो. राजा स्वतः आला आहे, त्याचे दोन्ही मुलगे एडवर्ड आणि एडमंड आले आहेत. उत्तरेकडच्या मैदानात तंबूंचं गाव वसलं आहे. दगडफेकी यंत्रांचे लांब दांडे वर उठतात, खाली आपटतात, आणि शंभर किलोंहून जड गोल धोंडे तुमच्या दिशेनं येतात. तुमच्याकडेही यंत्रं आहेत आणि ती चालवणारे लोक त्यांच्याहून वाकबगार आहेत. शत्रूनं एक प्रचंड लाकडी मनोरा उभारला आहे. त्याच्या मजल्यांवर दोनशे तिरंदाज उभे राहून थेट तटाच्या आत बाण टाकतात. दिवसाढवळ्या अंगणातून चालणं अवघड झालं आहे. तुमचे लोक त्याच्यावर एक यंत्र रोखतात. पहिला धोंडा अलीकडे पडतो. दांडा पुन्हा खाली ओढला जातो, दोराची गाठ बदलली जाते. बऱ्याच धोंड्यांनंतर मनोऱ्याच्या फळ्या फुटायला लागतात, आणि मग एकेक करत सगळं खाली येतं. दोन्ही बाजूंचे धोंडे कधी कधी हवेतच एकमेकांवर आदळत होते, असंही तेव्हाच्या बखरकारांनी लिहून ठेवलं आहे.

मग पाण्याची पाळी येते. चेस्टरहून मोठ्या नावा जमिनीवरून ओढत आणल्या जातात. रात्रीच्या अंधारात त्या तलावात सोडून मागच्या अंगानं तट गाठायचा, असा बेत. तुम्ही त्या रात्री पाण्याच्या बाजूला पहाऱ्यावर आहात असं समजा. उघड्या पाण्यावर आवाज फार लांब जातो. वल्ह्याचा चुबुक असा एक आवाज आला की तटावर सगळे जागे. नावांवर तिथूनच बाण आणि दगडांचा मारा होतो. तो बेत फसतो, आणि राजाला पाण्यातून वाट मिळत नाही ती शेवटपर्यंत.

लढाईनं जमेना तेव्हा धर्माचा धाक. पोपचा वकील कार्डिनल ओटोबुओनो छावणीत येतो आणि तटावरच्या तुम्हा सगळ्यांना धर्मबहिष्कृत करतो. त्या काळात ही धमकी पोकळ नव्हे. असा माणूस मेला तर त्याला ख्रिस्ती दफन मिळत नाही, आणि स्वर्गाचं दार कायमचं बंद होतं असं तुम्हीही मनापासून मानता. पण तुमच्यात फिलिप पॉर्पॉइझ नावाचा शस्त्रवैद्य आहे. तो पांढरा झगा चढवतो, धर्माधिकाऱ्याच्या थाटात तटावर उभा राहतो आणि राजाला, त्याच्या माणसांना आणि खुद्द पोपच्या वकिलालाच बहिष्कृत करून टाकतो. उपाशी पोटांना असलं हसू लागतं. याच ओटोबुओनोला पुढे १२७६ मध्ये पोपपद मिळालं, पण जेमतेम महिनाभर.

राजाला एव्हाना कळून चुकलं आहे की हा किल्ला उपासमारीशिवाय पडणार नाही. या एका वेढ्यात दहा परगण्यांचा महसूल चालला आहे. ऑगस्टमध्ये छावणीतच पार्लमेंट भरते, बारा जणांचं मंडळ नेमलं जातं, आणि ३१ ऑक्टोबरला केनिलवर्थचा निवाडा जाहीर होतो. बंडखोरांना जमिनी परत मिळतील, मात्र विकत घेऊन. बहुतेकांना वार्षिक उत्पन्नाच्या पाचपट रक्कम भरावी लागेल. हेन्री डी हेस्टिंग्जला आणि जासुदाचा हात तोडणाऱ्यांना सातपट. सूड आणि माफी यांच्यामधली ही वाट होती. मध्ययुगातल्या राजांनी काढलेल्या शहाणपणाच्या तोडग्यांत मी तिला वरचं स्थान देईन. इतक्या कडवट यादवीनंतर एकही फाशी न देता लोकांना जमिनीकडे परत जायचा रस्ता त्यात होता.

तुम्ही तो निवाडा धुडकावता. नोव्हेंबर लागतो. सरपण संपत आलं आहे, घोडे कापून खाल्ले जात आहेत. हगवणीनं माणसं लोळत पडली आहेत आणि त्यांना उचलायला निरोगी हात पुरत नाहीत. मांडलेल्या हिशोबाप्रमाणे कुठून तरी कुमक यायला हवी होती. फ्रान्सला निसटलेला तरुण सायमन येईल, असं म्हणत म्हणत दिवस गेले. डिसेंबरच्या मध्यावर कोठारात दोन दिवसांपुरतं धान्य उरतं, तेव्हा दार उघडतं. शस्त्रं आणि उरलेसुरले घोडे घेऊन सुखरूप बाहेर पडायची मुभा तुम्हाला मिळते. राजाची माणसं आत शिरतात आणि दुर्गंधीनं नाक दाबून मागे सरतात. जवळजवळ सहा महिने. इंग्लंडच्या मध्ययुगातला इतका लांबलेला वेढा दुसरा नाही, आणि त्यात तटाला भगदाड पाडून कोणी आत आलं नाही.

पुढची साठ वर्षं झरझर ओलांडू. किल्ला एडमंडकडे गेला, त्याच्या वंशाकडे राहिला, बांधावरच्या लांब पट्ट्यावर सरदार भाले रोखून स्पर्धा खेळू लागले.

२० जानेवारी १३२७. तुम्ही दालनाच्या कडेला नोकरांच्या रांगेत उभे आहात. आतल्या खोलीतून काळ्या वस्त्रांतला एक उंच, देखणा माणूस बाहेर येतो. हा दुसरा एडवर्ड, इंग्लंडचा राजा, आणि या किल्ल्यातला कैदी. राणी इझाबेला समुद्रापलीकडून फौज घेऊन उतरली, देशानं तिला साथ दिली, आणि नोव्हेंबरमध्ये राजा पकडला गेला. त्याला सांभाळतो आहे लँकेस्टरचा हेन्री, ज्याच्या भावाचं डोकं याच राजानं पाच वर्षांपूर्वी उडवलं होतं. लंडनहून शिष्टमंडळ आलं आहे. गादी मुलाला सोड, नाहीतर मुलाचाही हक्क जाईल, असं त्याला सांगितलं जातं. राजा कोसळतो, त्याला उचलून उभं करावं लागतं. रडत रडत तो कबूल करतो. मग सर विल्यम ट्रसेल पुढे येऊन सगळ्या देशाच्या वतीनं जाहीर करतो की आजपासून आमची या माणसाशी निष्ठा नाही. आणि शेवटी राजवाड्याचा कारभारी सर टॉमस ब्लाउंट आपल्या अधिकाराची काठी मोडतो. राजा मेला की ही काठी मोडायची पद्धत आहे. इथं राजा समोर उभा राहून बघतो आहे.

इंग्लंडवर नॉर्मन आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. अभिषेक झालेल्या राजाला त्याच्याच प्रजेनं उतरवलं. एप्रिलमध्ये त्याला इथून बर्कलीला हलवतात आणि सप्टेंबरमध्ये तो तिथं मरतो.

यानंतर किल्ल्याचे दिवस पालटतात. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन ऑफ गाँट इथं राजवाडा उभारतो. त्याच्या मोठ्या दालनाचं छत मध्ये एकही खांब न घेता जवळजवळ चौदा मीटर रुंदी पार करतं. सुतार विल्यम विंट्रिंगहॅमची ही करामत. १३९९ मध्ये गाँटचा मुलगा चौथा हेन्री म्हणून गादीवर बसतो आणि किल्ला पुन्हा राजाचा होतो. त्याचा मुलगा पाचवा हेन्री तलावाच्या पार टोकाला, पाणथळीत, दुहेरी खंदकानं वेढलेली एक विलासवाडी बांधतो. किल्ल्यातून होडीत बसायचं आणि तिच्या छोट्याशा धक्क्याला लागायचं. तलाव अजून तोच आहे, पण त्याच्याकडे बघणारे डोळे बदलले आहेत.

ते किती बदलले, हे बघायला ९ जुलै १५७५, शनिवारची संध्याकाळ.

बांधावर गर्दी आहे आणि तुम्ही कडेला, पाण्याच्या बाजूला जागा धरून आहात. एलिझाबेथ राणी येते आहे. किल्ला तिनंच १५६३ मध्ये रॉबर्ट डडलीला, म्हणजे लेस्टरच्या अर्लला दिला. त्यानं तो पार नवा केला: मोठमोठ्या काचांच्या खिडक्या, राणीच्या मुक्कामासाठी स्वतंत्र इमारत, उत्तरेला नवी देवडी. राणी एक्केचाळीस वर्षांची, अविवाहित. डडली तिचा तरुणपणापासूनचा सोबती. त्याची बायको एमी रॉब्सार्ट १५६० मध्ये जिन्याच्या पायथ्याशी मान मोडलेली सापडली, आणि त्या संशयानं राणीशी लग्नाची त्याची आशा जवळपास बुडाली. जवळपासच. हे एकोणीस दिवस त्याचा शेवटचा डाव आहेत, असं मला वाटतं.

दिवेलागण झाली आहे. राणी घोड्यावरून येते आणि अंधाऱ्या पाण्यावर एक बेट तरंगत पुढे येऊ लागतं. त्याच्यावर मशाली धगधगतायत, मधोमध रेशमी वस्त्रांतली तलावाची देवी आणि तिच्या दोन सख्या. आर्थर राजाच्या काळापासून मी हा तलाव राखला, सॅक्सन आले, नॉर्मन आले, मी वर आले नाही. आता हा तुझा, असं ती राणीला म्हणते. राणीचं उत्तर तिथल्या तिथे येतं: हा तलाव आमचाच आहे अशी आमची समजूत होती, तुम्ही तो आपला म्हणता होय? लोक हसतात. पण तुम्ही डडलीच्या चेहऱ्याकडे बघा. आपण काय देऊ शकतो आणि काय नाही, याची जाणीव राणीनं एका वाक्यात करून दिली आहे.

पुढच्या पुलावर दोन्ही बाजूंना खांबांच्या जोड्या, आणि प्रत्येक जोडीवर एकेका देवतेची भेट: पिंजऱ्यातले पक्षी, रुप्याच्या परातींत फळं, धान्य, द्राक्षं, हिरव्या गवतावर मांडलेले मासे, शस्त्रं, वाद्यं. राणी आत गेल्यावर तोफा आणि आतषबाजी सुरू होते, तिचा आवाज वीस मैलांवर ऐकू गेला असं म्हणतात. बालेकिल्ल्यावरचं मोठं घड्याळ बघा. निळ्या तबकडीवर सोनेरी आकडे, आणि काटे दोनवर थांबवलेले. दोन म्हणजे मेजवानीची वेळ. राणी इथं असेपर्यंत घंटा एकदाही वाजणार नाही.

सोमवारी राणी शिकारीहून परतताना रानात एक जंगली माणूस आडवा येतो, अंगभर शेवाळ आणि वेली. तो कवी जॉर्ज गॅस्कॉइन आहे. प्रतिध्वनीशी त्याचा पद्यातला संवाद रंगतो आणि शेवटी आवेशात तो हातातला झाडाचा सोट मोडून फेकतो. तुकडा उडून राणीच्या घोड्याच्या डोक्याजवळून जातो, घोडा बिथरतो. काही लागलं नाही, काही लागलं नाही, असं राणीच म्हणते, आणि गॅस्कॉइनच्या जिवात जीव येतो.

आठवड्यानं पुन्हा तलाव. चोवीस फुटी डॉल्फिन पाण्यावरून सरकत येतो. त्याच्या पाठीवर दंतकथेतला एरियन बनलेला गायक आणि पोटात दडवलेले वादक, त्यामुळे सूर कुठून येतायत ते कळत नाही. नंतरच्या एका किस्स्यांच्या वहीत अशी गोष्ट आहे की गायकाचा घसा बसला होता, तेव्हा त्यानं वैतागून मुखवटा काढला आणि मी कसला एरियन, मी तर साधा हॅरी गोल्डिंगहॅम, असं ओरडून सांगितलं. राणीला ठरलेल्या कवनापेक्षा ते जास्त आवडलं म्हणे.

एक नाटक मात्र होत नाही. गॅस्कॉइननं लिहिलेल्या त्या नाटकात झाबेटा नावाची अप्सरा आहे, आणि तिनं कौमार्य सोडून लग्न करावं की नाही यावर देवींचा वाद होतो. नावातच एलिझाबेथ लपलेली. नट वेश चढवून दोन-तीन दिवस तयार बसतात. हवा बरी नव्हती, संधी मिळाली नाही, असं पुढे छापलं गेलं. २७ जुलैला राणी निघून जाते. तीन वर्षांनी डडली लेटिस नोलिसशी गुपचूप लग्न करतो, आणि ते कळल्यावर राणी जो संताप करते तो लेटिसच्या बाबतीत कधीच निवळत नाही.

जाण्याआधी एका दुपारी राणी शिकारीला गेलेली असताना बागेच्या दाराशी थांबा. ही बाग फक्त राणीसाठी आहे. पण रॉबर्ट लँगहॅम नावाचा दरबारातला एक साधा दारपाल तिथं घुटमळतो आहे आणि एड्रियन नावाचा माळी त्याला हळूच आत घेतो. तुम्हीही मागोमाग शिरा. चार चौकांची बाग, प्रत्येक चौकात उंच स्तंभ, पक्ष्यांचं मोठं घर, आणि मधोमध पांढऱ्या संगमरवराचं आठकोनी कारंजं. दोन पुतळ्यांनी पाठीला पाठ लावून गोल तोलून धरला आहे, खालच्या हौदात मासे फिरतायत. कारंज्याच्या फार जवळ उभे राहू नका. एक तोटी फिरवली की पाण्याची धार उसळते आणि वाकून बघणारा नखशिखांत भिजतो. लँगहॅम हे सगळं डोळ्यांनी मोजून ठेवतो आणि एका पत्रात लिहून काढतो.

आता १६५०.

राजा पहिला चार्ल्स याचं मुंडकं गेल्या वर्षी उडालं आहे. यादवी युद्धात केनिलवर्थवर मोठी लढाई झालीच नाही. १६४२ मध्ये राजाची शिबंदी आपणहून निघून गेली आणि पार्लमेंटचे लोक येऊन बसले. पण उद्या राजपक्षानं पुन्हा उचल खाल्ली तर? म्हणून किल्ला निकामी करायचा हुकूम निघाला आहे. सह्याद्री भटकणाऱ्यांना ही रीत माहीत आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर अलंग, कुलंगच्या पायऱ्या अशाच सुरुंग लावून उडवल्या गेल्या, पुन्हा कोणी गड धरून बसू नये म्हणून.

तुम्ही कर्नल हॉक्सवर्थच्या माणसांत आहात. बालेकिल्ल्याची उत्तरेची भिंत तळाशी चौदा-पंधरा फूट जाड. ती पाडून टाकायला कष्ट पडतात. बाकीच्या तीन भिंती ठेवल्या तरी चालतील, एक गेली की किल्ला लढायच्या कामाचा राहत नाही. मग तुम्ही पहारी आणि फावडी घेऊन बांधाकडे वळता.

साडेचारशे वर्षांपूर्वी पाट्यांनी ओतलेली, धुमसानं चोपलेली माती. तिला खिंड पाडली की पुढचं काम पाणीच करतं. चेस्टरच्या नावांना आणि राजाच्या सगळ्या फौजेला जे जमलं नव्हतं, ते मूठभर मजुरांनी केलं. तळाचा गाळ उघडा पडतो, वाळतो, त्यावर गवत येतं. हॉक्सवर्थ आणि त्याचे सोबती अधिकारी जमीन वाटून घेतात. तो स्वतः डडलीच्या देवडीत संसार थाटतो. ते घर राहतं आणि दालनांची छतं जातात. गाँटच्या दालनाच्या खिडक्यांतून आता आरपार आभाळ दिसतं.

इतिहासाच्या पुस्तकांत या घटनेला एखाद-दुसरं वाक्य मिळतं आणि ते बहुधा भिंतीबद्दल असतं. मला भिंतीपेक्षा बांधाचं जास्त वाईट वाटतं. पडक्या भिंतीवरून किल्ला ओळखता येतो. पण कोरड्या कुरणात उभं राहून तरुण सायमनची होडी, अंधारातली वल्ही, मशालींचं बेट, डॉल्फिनच्या पोटातले वादक हे सगळं नुसतं मनानं भरून काढावं लागतं. वॉल्टर स्कॉटनं १८२१ मध्ये केनिलवर्थवर कादंबरी लिहिली आणि माणसांच्या झुंडी इथं येऊ लागल्या. त्यात एमी रॉब्सार्ट १५७५ च्या सोहळ्यात हजर आहे, तेव्हा खरी एमी जाऊन पंधरा वर्षं झाली होती. लोकांना ती चूक कधी खटकली नाही. तलाव नाहीसा झालेला मात्र ज्याला त्याला खटकतो, कारण त्याच्याशिवाय त्या सोहळ्याचा काही अर्थच लागत नाही.

डडलीची बाग तेवढी परत आली आहे. पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं तेव्हा कारंज्याच्या पायाचे अवशेष जमिनीत सापडले, लँगहॅमच्या पत्रातल्या वर्णनाशी जुळणारे. त्या आधारावर इंग्लिश हेरिटेज या संस्थेनं २००९ मध्ये ती पुन्हा उभी केली. माळी एड्रियननं दार उघडलं नसतं तर ती कशी होती हे कोणाला कळलं नसतं.

तुम्ही खरोखरच केनिलवर्थला गेलात तर तिकीट काढून थेट आत शिरू नका. आधी पश्चिमेच्या कुरणांतून जाणारी पायवाट धरा. ती पूर्वीच्या तलावाच्या कडेनं पाचव्या हेन्रीच्या विलासवाडीपर्यंत जाते. वाडीचं आता काही उरलेलं नाही, खंदकांचे उंचसखल वळसे तेवढे गवताखाली दिसतात आणि होड्या लागायच्या त्या धक्क्याचा खोलगट आकार. तिथून मागे वळून किल्ल्यापर्यंतचं अंतर नजरेनं मोजा. एवढं सगळं पाणी होतं.